रामचंद्रन व्याख्यानमाला आपल्या कॉलेजात घ्यायचीय? मग वाख आणि रांगोळी आधी आणा

दोन-तीन फोन येऊन गेले, एक बीडकडचे सर, एक परभणीच्या मॅडम, आणि सगळ्यांचं एकच की तुमच्याकडं ती रामचंद्रन यांच्या नावाची बायोफिजिक्सची, म्हणजे सजीवांच्या फिजिक्सची, व्याख्यानमाला चालते ना, तशी आम्हाला पण सुरू करायचीय, कसं करायचं सांगा. फोनवर अर्धा तास बोलूनही अर्धं राहूनच जातं, म्हणून म्हटलं एकदाच बसून टाईप करून टाकावं. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. विद्यापीठाच्या विभागात घेणार असाल तर पैसे नि हॉल जरा सोपं जातं, पण बाकीचं दुखणं सगळीकडं सारखंच.

आधीच सांगतो, पहिल्या वर्षी आमचं पार फसलं होतं. कार्यक्रम साडेअकराचा, आणि पाहुण्यांच्या हातात माईक आला एक वाजून दहा मिनिटांनी. मधे काय झालं? १४ सत्कार. संस्थेचे पदाधिकारी, माजी प्राचार्य, कुणाची तरी पीएचडी झालेली, कुणाचं प्रमोशन झालेलं. हैदराबादहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस शाल मांडीवर घेऊन बसलेला आणि मागच्या रांगेतली पोरं एसटीचा टाईम बघायलेली. त्या दिवशी ठरवलं की सत्कार प्राचार्यांच्या केबिनमधे, चहासोबत, किती पण करा, आणि स्टेजवर फक्त दिवा, एक शाल, एक नारळ. परिचय दोन मिनिटं. बारा मिनिटांत वक्त्याच्या हातात माईक गेलाच पाहिजे. लोक नाराज होतात का, होतात. पण दुसऱ्या वर्षी तेच लोक येऊन म्हणाले की औंदा बरं झालं.

आता नाव कुणाचं द्यायचं. आम्ही गोपालसमुद्रम नारायण अय्यर रामचंद्रन घेतले, सगळे जी. एन. रामचंद्रन म्हणतात. जन्म ८ ऑक्टोबर १९२२, एर्नाकुलम. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे गेले होते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करायला आणि तिथं सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली फिजिक्सला आले, पुढं केंब्रिजला पीएचडी, आणि १९५२ ला मद्रास विद्यापीठात प्रोफेसर झाले तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. नोबेल मिळालं नाही. त्यांचं नाव घेतलं की बरीच शिकलेली माणसं पण "कोण?" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच घेतलं. गंमत बघा, अकरावीच्या एनसीईआरटीच्या बायोलॉजीच्या पुस्तकात त्यांच्यावर फोटोसकट पान आहे. आपल्याकडं नीटची तयारी करणारी पोरं ते पुस्तक पाठ करतात, "प्राणिसृष्टीत सगळ्यात जास्त असलेलं प्रोटीन कोलॅजन" हे झोपेत उठवून विचारलं तरी सांगतात, पण त्या कोलॅजनची रचना मद्रासच्या माणसानं सांगितली हे त्यांना माहीतच नसतं कारण ते पान परीक्षेला येत नाही.

हे पान लक्षात ठेवा, फोटो तिथलाच चालतो. आम्ही फ्लेक्सवाल्याला नुसतं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं, "रामचंद्रन यांचा मोठा फोटो टाका." सकाळी गेटवर जाऊन बघतो तर काळा गॉगल, पांढरी टोपी, एमजीआर! तामिळ सिनेमाचे हिरो, तामिळनाडूचे मुख्यमंत्री, ते पण रामचंद्रनच. वॉचमनमामा म्हणे, सर, सिनेमाचा प्रोग्राम आहे का. तेव्हा फोटो स्वतः द्यायचा, प्रूफ स्वतः बघायचं. आणि भाषणात गणितवाले रामानुजन नि नोबेलवाले वेंकी रामकृष्णन यांच्याशी घोळ करणारे हमखास निघतात, म्हणून सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातात चार ओळींची चिठ्ठी द्या.

तारखेचं बोलू. मनात पहिलं येतं ते ८ ऑक्टोबर, जयंती. आपल्याकडं ती तारीख कामाची नाही. सोयाबीन काढणीचे दिवस, निम्मी पोरं रानात, उरलेली सेमिस्टरच्या फॉर्ममागं, वर नवरात्र-दसरा जवळपास. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन म्हणाल तर नातं छान जुळतं, रामन इफेक्टचा दिवस आणि रामचंद्रन रामन यांचे विद्यार्थी, पण त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रात कार्यक्रम असतात, चांगला वक्ता मिळत नाही, आणि बारावीच्या परीक्षेमुळं हॉलमधे बाकडी लावलेली असतात. आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यावर आलो. परीक्षा आटपलेल्या, ऊन नाही. संभाजीनगरला विद्यापीठात घेणार असाल तर १४ जानेवारी सोडा, नामविस्तार दिनाला गेटवर पाय ठेवायला जागा नसते. आणि जानेवारीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हुरडा. पुण्या-बंगळूरच्या वक्त्याला मानधन किती हे सांगायच्या आधी मी सांगतो, सर, दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर हुरडा आहे, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. दोन वक्ते केवळ ह्याच्यावर हो म्हणालेत, चेष्टा नाही करत.

वक्ता कुठून आणायचा? बंगळूरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट आहे, रामचंद्रन यांनीच १९७१ ला उभं केलेलं. हैदराबादला सीसीएमबी, पुण्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस, ह्या सगळ्या संशोधन संस्था. मोठ्या डायरेक्टरच्या मागं लागू नका, तारीख देतात आणि आदल्या दिवशी मीटिंग निघते. तिथले तरुण प्राध्यापक बघा, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारे, बघा, जमलं तर असा माणूस शोधा जो आपल्याच भागातून शिकून तिकडं गेलाय. आमच्याकडं एक मॅडम आल्या होत्या, शाळा धाराशिव जिल्ह्यातली, त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मला बारावीपर्यंत इंग्रजीत एक वाक्य बोलता येत नव्हतं, आणि त्यानंतर पोरी सरसावून बसल्या त्या शेवटपर्यंत. मेलमधे तीन गोष्टी स्पष्ट लिहा: समोर बीएस्सीची पोरं आहेत, मराठीत किंवा सोप्या हिंदीत बोललात तर चालेल, स्लाइड पंचवीसच्या वर नकोत. प्रवासाचं तिकीट आधी काढून द्या, "नंतर देऊ" म्हणू नका, कारण आपलं नंतर म्हणजे मार्च एंड असतंय.

माला म्हटली की तीन तरी व्याख्यानं पाहिजेत, एकाला माला म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी रामचंद्रन हा माणूस आणि कोलॅजन, दुसऱ्या दिवशी रामचंद्रन प्लॉट, म्हणजे प्रोटीनची साखळी कुठं कुठं वळू शकते त्याचा नकाशा, तिसऱ्या दिवशी आजचं काय चाललंय, म्हणजे प्रोटीनची रचना सांगणारं एआय अल्फाफोल्ड वगैरे, ज्याच्यासाठी २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. आणि कॉम्प्युटरनं काढलेली रचना बरोबर आहे का हे तपासायला लोक अजून पण तोच १९६३ चा प्लॉट लावून बघतात, त्यामुळं तिसरा दिवस आपोआप दुसऱ्याला येऊन चिकटतो.

पण नुसती व्याख्यानं ठेवली तर पोरं हजेरीपुरती येतात. आधल्या दिवशी हातानं काहीतरी करून घ्या. हे मी कुठं वाचलेलं नाही, दुसऱ्या वर्षी योगायोगानं झालं. कोलॅजनचा ट्रिपल हेलिक्स, म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ, फळ्यावर काढून काढून माझा हात दुखला, पोरांच्या डोळ्यात काही दिसेना. आमचे शिपाईमामा डस्टर घेऊन आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, सर, हे दावं आहे की. त्यांच्या वडलांना, आम्ही आबा म्हणतो त्यांना, दुसऱ्या दिवशी बोलावलं. आबा अंबाडीचा वाख, म्हणजे दोरी वळायचे धागे, घेऊन आले, खुर्चीवर बसेनात, सरळ स्टेजच्या कडेला मांडी घातली. एकेक पेड मांडीवर तळहातानं घासून पीळ दिला, एका दिशेनं. मग तीन पेड एकत्र घेऊन उलट्या दिशेनं पीळ. सोडून दिलं, दोरी उलगडेना.

मी पोरांना म्हटलं, आता बघा. कोलॅजनमधे हेच आहे. अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या, प्रत्येक साखळी स्वतः डावीकडं वळलेली, आणि तिघी मिळून एकमेकींभोवती उजवीकडं वळलेल्या. पीळ उलटसुलट, म्हणून सुटत नाही. हे रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ ला 'नेचर'मधे मांडलं, कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) एक्स-रे फोटो बघून. मद्रासला चामड्यावर काम करणारी सरकारी संस्था शेजारीच होती, आणि चामडं म्हणजे काय, कोलॅजनच. आपण पाया करतो, रस्सा गार झाला की थिजतो ना, ते पण शिजलेलं कोलॅजन, त्याचंच जिलेटिन होतं.

पुढची गंमत आबांनीच केली. मी सांगत होतो की तीन पेडांच्या मधोमध जागा नसते, म्हणून प्रत्येक तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन लागतं, सगळ्यात लहान, त्याला बाजूची साखळी म्हणून नुसता एक हायड्रोजन. आबांनी खिशातून ज्वारीचा दाणा काढला (खिशात ज्वारी का होती विचारू नका), पीळ देताना मधे घातला आणि दोरी वर धरली. तिथंच फुगली, पेड एकमेकांना चिकटेनात. "आता बैलानं हिसडा दिला की हितंच तुटंल," म्हणाले. बास. ग्लायसिनच्या जागी दुसरं मोठं अमिनो आम्ल आलं की हाडं ठिसूळ होण्याचा जन्मजात आजार होतो, हे सांगायला मला एरवी वीस मिनिटं लागली असती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या पोरांना आता तो पीळ कुठल्या दिशेचा ते पण सांगता येतं.

तुमच्याकडं आबा नसतील तर आसपासच्या गावात पोळ्याला घरीच दावी-कासरे वळणारा एखादा म्हातारा अजून असतो, शोधा, गाडीभाडं द्या, आणि त्याची पण शाल स्टेजवरच द्या. स्टेजवरची दुसरी शाल फक्त ह्याच माणसाला, हा आमचा नियम.

दुसऱ्या दिवसाची तयारी रांगोळीची. तसंही आपल्याकडं कार्यक्रम म्हटलं की दारात रांगोळी येतेच, मोर नाहीतर कमळ. त्याच्याऐवजी पोरींना रामचंद्रन प्लॉट काढायला लावा. पण आधी दोन जुन्या लग्नपत्रिका घ्या. दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध सपाट असतो, पत्रिकेसारखा, वळत नाही. दोन पत्रिकांचे कोपरे एका मण्याला दोऱ्यानं बांधायचे, मणी म्हणजे अल्फा कार्बन, अमिनो आम्लाच्या मधला कार्बन. आता प्रत्येक पत्रिका मण्यापाशी गोल फिरवता येते, एकीच्या फिरण्याचा कोन फाय, दुसरीचा साय. पोरांना म्हणायचं, फिरवा कसं पण. फिरवताना एका ठिकाणी पत्रिकांचे कोपरे एकमेकांवर आपटतात. अणूंचं पण तसंच, एकाच जागेवर दोघं बसू शकत नाहीत. कुठल्या कुठल्या कोनांना आपटत नाही तेवढ्या जागा नकाशावर रंगवल्या की झाला प्लॉट. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत हे काम केलं रामचंद्रन यांनी.

आणि हे काम सुचलं कशातून, तर टीकेतून. कोलॅजनच्या त्यांच्या रचनेत काही अणू फारच जवळ आलेत असं डीएनएची रचना सांगणारे फ्रान्सिस क्रिक आणि त्यांच्यासोबतचे अलेक्झांडर रिच यांनी दाखवलं होतं, रचना थोडी सुधारली पण. दुसरा एखादा चिडून बसला असता. ह्यांनी म्हटलं बरं, मग नेमकं किती जवळ चालतं तेच मोजू. वक्त्याला ही गोष्ट सांगायला आवर्जून सांगा, कारण आपल्याकडं पोरांना एक पेपर बॅक आला की जग बुडल्यासारखं होतंय.

रांगोळीचं माप लिहून ठेवा. दोन्ही बाजूंना उणे १८० ते अधिक १८० अंश. ३० अंशाला एक फूट धरा, म्हणजे १२ फूट बाय १२ फूट, व्हरांड्यात बसतं. चुन्यानं चौकोन आखा, आडवा फाय, उभा साय. मधोमध शून्य. तिथून दोन फूट डावीकडं आणि दीड फूट खाली आलं की अल्फा हेलिक्सचा, म्हणजे स्प्रिंगसारख्या वळलेल्या साखळीचा इलाका. चार फूट डावीकडं आणि चार-साडेचार फूट वर गेलं की बीटा शीट, म्हणजे शेजारी शेजारी ताणून ठेवलेल्या साखळ्या. उजवीकडं दोन फूट, वर दीड फूट, एक लहानसं बेट, डावीकडं वळणाऱ्या हेलिक्सचं. हे तीन इलाके आधी रंगवू नका! प्रोटीन डेटा बँकेतून एखाद्या प्रोटीनची फाईल फुकट उतरवता येते, कॉम्प्युटरवाल्या सरांना सांगून त्यातले फाय-साय कोन काढून घ्या आणि एकेका कोनाच्या जोडीची चिठ्ठी करा. प्रत्येक पोराला एक चिठ्ठी, एक झेंडूची पाकळी, जा आणि आपल्या जागी ठेवून ये. पहिल्या पन्नासात काही कळत नाही. दीडशेच्या आसपास डाव्या बाजूला पिवळे ढीग दिसायला लागतात आणि उजवा खालचा कोपरा कोराच. एकटीदुकटी पाकळी भलतीकडं पडली की पोरं ओरडतात, चुकलास! चिठ्ठी बघायची, बहुतेक ग्लायसिन निघतं, त्याला आडवं येणारं काही नाही म्हणून ते कुठं पण हिंडतं. ग्लायसिनला लाल पाकळी ठेवली तर आणखी छान, हे आम्हाला नंतर सुचलं.

सकाळी साडेनऊलाच सुरू करा, वारा सुटायच्या आत. आमची एकदा अर्धी बीटा शीट उडाली.

सामान्य माणसं, पालक येणार असतील तर एक गोष्ट जास्तीची सांगायची, सीटी स्कॅन. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत १९७१ ला रामचंद्रन यांनी एक गणिती पद्धत मांडली, वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या एक्स-रेच्या सावल्यांवरून आतलं चित्र परत कसं जुळवायचं, कमी आकडेमोडीत आणि जास्त स्वच्छ. लातूरला नाहीतर नांदेडला सीटी करून आलेलं घरात कुणी ना कुणी असतंच, त्यामुळं हे लगेच पोचतं.

वेळ साडेअकरा ते एक. सकाळची एसटी येऊन पोरं वर्गात बसेपर्यंत साडेदहा होतात, आणि खेड्यावरच्या पोरींना दुपारची गाडी चुकली की पुढची संध्याकाळी, मग घरचे पुढच्या वर्षी पाठवत नाहीत. एकाला म्हणजे एकाला संपवा. लाईटीचा भरवसा नाही, जनरेटरवाल्याला सांगून ठेवा आणि डिझेल आहे का ते स्वतः बघा. स्लाइड पेनड्राइव्हवर आदल्या रात्रीच घ्या, दोन लॅपटॉपवर उघडून बघा.

प्रश्नोत्तरं चिठ्ठीवर घ्या. माईक फिरवला की पहिल्या रांगेतले एखादे सर उठतात आणि प्रश्न न विचारता स्वतःचंच दहा मिनिटांचं व्याख्यान देतात, मी पण दिलेलं आहे. चिठ्ठी मराठीत, नाव न लिहिता. पहिल्या वर्षी माईकवर दोन प्रश्न आले होते, चिठ्ठ्यांवर ६१. त्यातला एक असा होता, "सर, प्रोटीनला कसं कळतं की आपण कुठं वळायचं?" वक्ते थोडा वेळ गप्पच बसले, आणि मग म्हणाले की ह्याच्यावर आम्ही आयुष्य घालवतोय.

पैशाचं. दरवर्षी पावती फाडत हिंडायचं नसेल तर ठेव करा. समजा माजी विद्यार्थ्यांकडून पाच लाख जमले आणि बँकेनं ७ टक्के दिले तर वर्षाला ३५ हजार, त्यात तीन वक्त्यांचं रेल्वेभाडं, राहणं, जेवण ओढूनताणून बसतं, हुरडा आपल्याच शेतावर. देणगीदाराचं नाव व्याख्यानमालेला द्यायची अट आली तर नम्रपणे नाही म्हणा, नाहीतर दोन वर्षांत फ्लेक्सवर रामचंद्रन लहान आणि देणगीदार मोठे होतात. कागदं त्याच दिवशी पूर्ण करा: हजेरी, फीडबॅक, वक्त्याची सही, जिओटॅगवाले फोटो. ते फोटो नॅकला, म्हणजे कॉलेज तपासणाऱ्या संस्थेला, लागतात, आणि जिओटॅग चालू करायचं राहिलं तर हॉल रिकामा झाल्यावर परत माणसं बसवून फोटो काढावे लागतात, आम्ही काढलेत. पुढच्या वर्षीची तारीख आणि एक वक्ता तिसऱ्या दिवशी जेवतानाच पक्का करून टाका.

आणि खरेदीच्या बिलात "वाख, दोन किलो" असं नुसतं लिहू नका. आमचं बिल आठ दिवस अडकलं, शेवटी "प्रात्यक्षिक साहित्य, ट्रिपल हेलिक्स" असं लिहून दिलं, मग पास झालं.